ठाण्यातली पंधरा घरे

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट मुबलक मिळते, ती म्हणजे वेळ. गायमुखच्या चढावर एखादा कंटेनर बंद पडला, की मागची रांग पार कासारवडवलीपर्यंत येते. मग बसमध्ये बसल्या बसल्या डावीकडे येऊरचा डोंगर पाहावा, उजवीकडे इमारतींच्या फटीतून दिसेल तेवढी खाडी पाहावी. नोकरीत असताना या सक्तीच्या विश्रांतीचा मला राग येत असे. निवृत्त झाल्यावर राग गेला आणि खाडीविषयी कुतूहल वाढले. कादंबरीकाराला कुतूहल हे भांडवल असते आणि त्यावर व्याज द्यावे लागत नाही.

ही खाडी म्हणजे आपली उल्हास नदी. कल्याणहून ती ठाण्याकडे येते, तिथून तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो आणि मोठे पात्र घोडबंदरच्या पायथ्याशी वळसा घालून वसईला समुद्रात शिरते. जुन्या काळी जहाजाला कल्याण गाठायचे तर याच दोन वाटा होत्या. घोडबंदर हे नावच अरबी घोड्यांच्या व्यापारावरून पडले, असे सांगतात. घोड्यांखेरीज तांबे, कापड, शिसवी लाकूड, भिक्षू, सैनिक अशी नाना प्रकारची आवक-जावक या पाण्यावरून झाली. आणि वाचकांना आश्चर्य वाटेल, पण देवाचे नेमके स्वरूप काय, यावरून भूमध्य समुद्राच्या काठी पेटलेले एक मोठे भांडणही याच पाण्यावरून आपल्याकडे आले. त्या भांडणात हरलेल्या पक्षाची माणसे कल्याणला आणि ठाण्याला राहत होती.

याचा पहिला पुरावा सहाव्या शतकातला आहे. अलेक्झांड्रियाचा कोस्मास नावाचा एक व्यापारी पुढे साधू झाला आणि इ. स. ५५०च्या सुमारास त्याने जगाच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा मुख्य हेतू पृथ्वी सपाट आहे हे सिद्ध करण्याचा होता, त्यामुळे त्याच्या भूगोलावर आज कोणी विसंबत नाही. पण बंदरे आणि माल यांच्या बाबतीत व्यापाऱ्याची नजर सहसा चुकत नाही. ‘कल्लियाना’ हे मोठे बंदर आहे, तिथून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, आणि तिथे इराणातून दीक्षा घेऊन आलेला एक बिशप असतो, असे तो लिहितो. काही अभ्यासक हे बंदर दक्षिणेकडे शोधतात. पण बहुतेकांच्या मते ते आपले कल्याणच. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी भेटतात, त्यांच्याच गावात हा बिशप राहत असणार.

मी बरीच वर्षे एका बँकेच्या कल्याण शाखेत काम केले. त्या गावात बिशपची गादी होती, हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. पण खरा प्रश्न पुढेच आहे. बिशप इराणातून का? रोमहून का नाही, कॉन्स्टँटिनोपलहून का नाही? या ‘का’चे उत्तर शोधायचे तर दोनशे-सव्वादोनशे वर्षे मागे, इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात जावे लागते.

तिथे चौथ्या शतकाच्या आरंभी एरियस नावाचा एक धर्मगुरू होता. उंच, तपस्वी, बोलण्यात गोड. येशू हा देवाचा पुत्र, हे त्याला मान्यच होते. पण पुत्र म्हटला की तो बापानंतर आला, त्याला आरंभ आहे. आणि ज्याला आरंभ आहे तो अनादि परमेश्वर कसा? पुत्र हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ, सर्वांआधी निर्मिलेला, पण निर्मिलेलाच. एरियसने आपले मत गाण्यांत बांधले आणि ती गाणी खलाशी, गिरणीवाले, वाटसरू गाऊ लागले. देवाच्या एकत्वाची काळजी वाहणाऱ्या कोणालाही हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एरियसचा ख्रिस्त हा मुखत्यार आहे. सर्व अधिकार त्याच्याकडे आहेत, सही त्याची चालते, पण तो मालक नव्हे.

विरोधी पक्षात पुढे अथनेशियस हे मोठे नाव झाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की माणसाच्या डोक्यावरचे कर्ज माफ करायला मुखत्यार चालणार नाही, त्यासाठी मालकच यावा लागतो. जो स्वतः निर्मिलेला आहे तो दुसऱ्या निर्मिलेल्याला तारणार कसा? म्हणजे वाद वरवर तर्काचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी साध्या माणसाची धास्ती होती. आपण ज्याच्या भरवशावर मरायचे, त्याच्या सहीला वर किंमत आहे की नाही?

इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, बिशपांची परिषद भरवली. परंपरेप्रमाणे ३१८ बिशप जमले. २०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे झाली. परिषदेने एरियसला बाजूला केले आणि पुत्र हा पित्याशी ‘होमोउसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असे ठरवले. पुढच्या पिढीत समेट करू पाहणाऱ्यांनी ‘होमोइउसिओस’, म्हणजे सारख्या तत्त्वाचा, असा शब्द सुचवला. ग्रीक लिपीत दोन्हींत फरक फक्त आयोटा या सर्वांत लहान अक्षराचा. एका अक्षरावरून जग भांडले, अशी थट्टा तेव्हापासून चालू आहे. मला ती थट्टा कधीच पटली नाही. चेकवर ‘पाटील’ आणि खात्यावर ‘पाटिल’ असेल तर कारकून चेक परत करतो. गिऱ्हाईक चिडते, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या त्या फटीतून दुसराच माणूस पैसे घेऊन जाऊ शकतो, हे कारकुनाला ठाऊक असते.

वाद निकियात मिटला मात्र नाही. अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. आणि गंमत अशी, की ज्या सम्राटाने परिषद भरवली त्याने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला दुसरी परिषद झाली, तेव्हा कुठे निकियाचा पक्ष राजमान्य ठरला. त्याच काळातला ग्रेगरी नावाचा एक बिशप तक्रार करतो, की या शहरात सराफाकडे मोड मागावी तर तो पुत्र जन्मला की जन्मला नाही यावर व्याख्यान देतो, आणि पाव केवढ्याला म्हणून विचारावे तर पिता मोठा आणि पुत्र धाकटा असे ऐकायला मिळते. काउंटरवर बसून सुट्ट्या पैशांवरून पुष्कळ ऐकून घेतलेल्या माणसाला त्या सराफाचा हेवाच वाटेल.

एक गाठ सुटली, की दुसरी बसते. पुत्र पूर्ण देव आहे हे ठरले. मग तो मरियेच्या पोटी जन्मला, भुकेजला, रडला, मेला, तो कोण? देव की माणूस? इ. स. ४२८ मध्ये नेस्टोरियस हा कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्माधिकारी झाला. लोक मरियेला देवाची आई म्हणत. नेस्टोरियसला ते खटकले. देवाला आई कशी असेल? ख्रिस्ताची आई म्हणा, असे तो सांगू लागला. त्याच्या दृष्टीने ख्रिस्ताच्या ठायी दोन स्वरूपे होती, देवाचे आणि माणसाचे; दोन खोल्यांमधले दार सदैव उघडे, पण मधली भिंत शाबूत. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळाला मी देव म्हणणार नाही, असे काहीसे वाक्य त्याच्या विरोधकांनी त्याच्या तोंडी घातले. इथे मराठी वाचक अडखळेल. आपण दर गोकुळाष्टमीला तान्ह्या बाळाला पाळण्यात घालून देव म्हणतो आणि आपल्याला त्यात काही अवघड वाटत नाही. पण आपली अवताराची कल्पना आणि ही कल्पना एक नव्हेत. अवतार अनेक होतात, युगायुगांत होतात. त्यांच्याकडे ही घटना एकदाच घडली. म्हणून ती कशी घडली, याचा हिशेब पैपर्यंत लागणे त्यांना भाग होते.

इ. स. ४३१ मध्ये इफिसस इथे परिषद भरली. अलेक्झांड्रियाचा सिरिल हा नेस्टोरियसचा प्रतिस्पर्धी. नेस्टोरियसला अनुकूल असलेले अंतियोखकडचे बिशप अजून वाटेत होते. सिरिलने त्यांची वाट न पाहता सभा सुरू केली आणि एका दिवसात नेस्टोरियसला दोषी ठरवून मोकळा झाला. मागाहून पोचलेल्यांनी वेगळी सभा घेऊन सिरिललाच पदच्युत केले. पुढे सिरिलच्या बाजूने राजदरबारात पोचवलेल्या भेटींची यादी आजही उपलब्ध आहे. तीत सोने आहे, गालिचे आहेत, हस्तिदंती आसने आहेत. संचालक मंडळाच्या सभा जवळून पाहिलेल्या माणसाला हे सारे फार ओळखीचे वाटते. नेस्टोरियस इजिप्तच्या वाळवंटात हद्दपारीत मेला. इ. स. ४५१ मध्ये कॅल्सेडन इथे, एक व्यक्ती आणि दोन स्वरूपे, मिसळ नाही आणि ताटातूटही नाही, असे सूत्र ठरले. हे सूत्र मला तरी नेस्टोरियसपासून फार दूरचे वाटत नाही. पण तोवर त्याचे नाव हे शिवीसारखे वापरले जाऊ लागले होते.

रोमन साम्राज्याच्या पूर्वेला इराणचे सासानी साम्राज्य होते. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी इ. स. ४२४ मध्येच पश्चिमेकडच्या धर्माधिकाऱ्यांचा वरचष्मा नाकारला होता. इफिससचा निर्णय त्यांनी मानला नाही. इराणच्या बादशहालाही आपले ख्रिस्ती प्रजाजन शत्रूच्या धर्मपीठाला जोडलेले नसणे सोयीचेच होते. या चर्चला रोमचे लोक नेस्टोरियन म्हणू लागले. ते स्वतःला पूर्वेचे चर्च म्हणत. पश्चिमेची दारे बंद झालेली ही माणसे व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आणि जहाजांबरोबर पूर्वेकडे निघाली. इ. स. ६३५ मध्ये ती चीनच्या राजधानीत पोचली. त्याआधीच ती कल्याणला येऊन राहिली होती. कोस्मासने पाहिलेला किंवा ऐकलेला बिशप इराणातून आलेला होता, तो यामुळे.

मधल्या शतकांतले धागे विरळ आहेत. पण इ. स. १३२१ मध्ये एकदम लख्ख प्रकाश पडतो, तोही ठाण्यावर. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्याला पंचवीस वर्षे झाली होती. दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता आणि ठाण्यात सुलतानाचा मलिक व काझी कारभार पाहत होते. होर्मुझहून कोल्लमला जायला निघालेले पाच युरोपीय प्रवासी त्यांच्या मनात नसताना ठाण्याच्या बंदरात उतरले. त्यांत थॉमस, जेम्स, पीटर आणि डेमेट्रियस हे चौघे फ्रान्सिस्कन होते. डेमेट्रियस हा जॉर्जियाचा, त्याला पूर्वेकडच्या भाषा येत. पाचवा जॉर्डनस, हा डॉमिनिकन पंथाचा फ्रेंच साधू. परक्या गावात त्यांना आसरा कोणी दिला? तर ठाण्यातल्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी.

काही काळाने इथे आलेल्या ओदोरिक या इटालियन साधूने या प्रसंगाची हकीकत लिहून ठेवली आहे. ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे आहेत, असे तो सांगतो, आणि त्याच दमात ते लोक फुटीर व पाखंडी आहेत, असेही नोंदवतो. आपल्या पंथबंधूंना ज्यांनी घरात घेतले, जेवू घातले, त्यांच्या वाट्याला त्याच्या लेखणीतून हीच दोन विशेषणे आली.

पुढे जे झाले ते कादंबरीकाराने रचले असते तर संपादकाने ओढूनताणून आणलेले म्हणून परत पाठवले असते. ज्या घरात पाहुणे उतरले होते तिथे नवराबायकोचे भांडण झाले. रात्री नवऱ्याने बायकोला मारहाण केली. सकाळी ती बाई तडक काझीकडे गेली आणि तिने फिर्याद केली. काझीने पुरावा मागितला. ती म्हणाली, घरात चार परदेशी साधू उतरले आहेत, त्यांना विचारा. म्हणजे चौदाव्या शतकातली ठाण्याची एक बाई साक्षीदारांसह न्यायालयात उभी राहिली. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. (या कथेत अलेक्झांड्रिया कुठून ना कुठून येतेच.) हे साधू विद्वान असतात, त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी, असे त्याने सुचवले. पीटर सामान सांभाळायला घरी राहिला. जॉर्डनस भरूचच्या वाटेवर सोपाऱ्यापर्यंत गेला होता. बाकीचे तिघे काझीसमोर आले. बाईची फिर्याद बाजूला राहिली आणि ख्रिस्त कोण होता, यावर वाद सुरू झाला.

काझीचे म्हणणे, ख्रिस्त हा निव्वळ माणूस, देव नव्हे. थॉमसने दाखले देऊन सांगितले, की तो खरा देवही आहे आणि खरा माणूसही. निकियाच्या परिषदेला तेव्हा हजार वर्षे व्हायला चारच वर्षे कमी होती, आणि तोच प्रश्न ठाण्याच्या कचेरीत उभा होता.

चर्चा इथे थांबली असती तर ते चौघे कदाचित कोल्लमला पोचले असते. पण मग त्यांना इस्लामच्या प्रेषिताविषयी विचारण्यात आले. त्यांनी आधी उत्तर टाळले. पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते अपमानकारक होते, हे ओदोरिकही लपवत नाही. त्यांचा जीव गेला तो या उत्तरामुळे. हकीकत एका बाजूची आहे आणि तिच्यात आगीतून सहीसलामत बाहेर येण्यासारखे चमत्कारही आहेत, हे लक्षात ठेवून ती वाचावी. पण तीच हकीकत हेही सांगते, की मलिकाने त्यांना पळून जायचा सल्ला दिला, त्यांना खाडीपलीकडच्या वस्तीत पोचवण्यात आले, त्यांचा ख्रिस्ती यजमान त्यांच्या सोबत गेला आणि तिथे त्यांना एका मूर्तिपूजकाने, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी, घरात घेतले. काझीचे म्हणणे मलिकाला पटले, मारेकरी पाठवले गेले आणि ९ एप्रिल १३२१ च्या सुमारास तिघे मारले गेले. दोन दिवसांनी पीटरही. जॉर्डनसने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओदोरिकने त्यांच्या अस्थी थेट चीनमध्ये नेल्या.

या प्रसंगातली जी गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती वेगळीच आहे. थॉमसने काझीसमोर जे सांगितले, खरा देव आणि खरा माणूस, ते त्याच्या पाखंडी यजमानाने शब्दशः मान्य केले असते. तो वर्षानुवर्षे आपल्या सिरियाक प्रार्थनेत तेच म्हणत होता. फरक होता तो देव आणि माणूस यांच्यामधल्या ‘आणि’चा अर्थ कसा लावायचा, एवढाच. त्या फरकासाठी यजमान पाखंडी ठरला आणि पाहुणा हुतात्मा.

विजयी पक्ष या खाडीवर स्थिरावला तो सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. घोडबंदरचा किल्ला त्यांचा. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. केरळात पूर्वेच्या चर्चची जुनी परंपरा टिकून होती. तिथे १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझेस यांनी उदयंपेरूरची धर्मसभा घेऊन नेस्टोरियन ठरवलेली पुस्तके जाळायला लावली. त्याच पिढीत गोव्याच्या साष्टीत (आपली साष्टी वेगळी, नावाच्या साम्यामुळे पुष्कळांची गफलत होते) फादर थॉमस स्टीफन्स मराठीत ओव्या रचत होते. १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्यात स्वर्गाला वैकुंठ हा शब्द आहे. ग्रीकांना ज्या अर्थासाठी एक अक्षर कमी-जास्त करावे लागले, तो अर्थ विष्णूच्या घरचा शब्द वापरून सांगताना त्यांना किती विचार करावा लागला असेल!

आणि आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये प्रसिद्ध होऊनही फारसा वाचला जात नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य मला समजत नाही, अथनेशियसच्या नावाने चालणारा विश्वासाचा जाहीरनामा मी जसाच्या तसा मान्य करणार नाही, असे ही पंचविशीतली मराठी बाई ज्यांच्या आश्रयाला राहिली त्यांनाच ठणकावून लिहीत होती. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. मला त्यात ज्या घरात संस्कृत ग्रंथ मुखोद्गत करून घेत ते घर दिसते. पुढे केडगावला त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हाही वेदान्ताचा वास येणारे शब्द त्या निवडून दूर ठेवत होत्या.

वाद निकालात लढून हरला-जिंकला जातो, असे आम्हां फायलींत वाढलेल्या माणसांना वाटते. या वादाचा निकाल मात्र उलटा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुर्दिस्तानात नेस्टोरियसने हद्दपारीत लिहिलेल्या ग्रंथाचे सिरियाक भाषांतर सापडले आणि विद्वानांना दिसले, की त्याच्यावर ठेवलेले कित्येक आरोप तो स्वतःच नाकारत होता. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ख्रिस्त हा खरा देव आणि खरा माणूस, यावर आपला विश्वास एकच आहे, असे त्यात म्हटले आहे. आणि मरियेला एकाने देवाची आई म्हणावे, दुसऱ्याने आमच्या देवाची, ख्रिस्ताची आई म्हणावे, दोन्ही योग्य, असेही. इफिससनंतर १५६३ वर्षांनी.

त्या चर्चची भारतातली शाखा आज त्रिशूरला आहे. ठाण्यातल्या पंधरा घरांची जागा कोणी दाखवू शकत नाही. थॉमसला पोप तेरावे लिओ यांनी १८९४ मध्ये धन्य घोषित केले. यजमानाचे नाव ओदोरिकने लिहिलेले नाही, त्याच्या बायकोचेही नाही. साधूंच्या हकीकतीत तो पुढे मलिकाचे आणि काझीचे काय झाले तेसुद्धा सांगतो. त्या बाईच्या फिर्यादीचा उल्लेख पुन्हा येत नाही.